उत्तर सापडली, रस्ता नाही सापडला

तुझा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही चौघं रविवारी सोलापूरच्या उत्तरेला नान्नजजवळच्या माळावर पक्षी बघायला गेलात. गाड्या बार्शी रस्त्याच्या कडेला लावल्या, गवतातून आत शिरलात, आणि परत निघाल्यावर दीड तास चालून पुन्हा त्याच पडक्या विहिरीपाशी येऊन थांबलात. चौघांत एकच मोबाईल चालू, त्यालाही रेंज नाही. घड्याळाचा काटा सूर्याकडे धरून तुम्ही दक्षिण काढलीत, तरी चुकलात. आता जानेवारीत कॉलेजचा ग्रुप सह्याद्रीत निघालाय, म्हणून नकाशा-होकायंत्र नसताना दिशा ओळखायच्या ‘सगळ्या युक्त्या’ तुला हव्या आहेत.

युक्त्या सांगतो. पण आधी एक गोष्ट नीट ऐक. तुमची दक्षिण बरोबर होती. नोव्हेंबरात आपल्याकडे ती घड्याळाची युक्ती दहा-पंधरा अंश इकडेतिकडे करून चालते. घोळ वेगळाच होता. गाड्या आपण कुठल्या दिशेला सोडून आलो, हे चौघांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. मग दक्षिण कळून तिचं काय लोणचं घालायचं? गेली तीसेक वर्षं मी पोरांना घेऊन माळावर आणि डोंगरात हिंडतोय. वाट हरवलेल्या दहा जणांत आठ जणांची गत हीच असते. उत्तर सापडते, पण ती वापरायला लागते ती माहिती गाडीचा स्टँड लावतानाच घ्यायची राहिलेली असते.

तेव्हा पहिलं काम गाडीपाशी. तिथंच दोन मिनिटं उभं राहायचं. सोलापूरहून बार्शीला जाणारा रस्ता साधारण उत्तरेकडे, जरासा वायव्येला कलून जातो. तुम्ही त्याच्या मार्डीकडच्या अंगाला, म्हणजे पश्चिमेला उतरलात. एवढं कळलं की झालं. आता माळात कुठेही भरकटलात तरी तो रस्ता तुमच्या पूर्वेला लांबलचक आडवा पडलेलाच आहे. पूर्व धरून चालत राहिलं की तो ओलांडल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. मी याला ‘आडवी रेघ’ म्हणतो. रस्ता, रेल्वेलाईन, कालवा, सीनेसारखी नदी, काहीही चालतं. आडवी रेघ मनात पक्की नसेल तर मी पोरांना रस्त्यावरून खाली उतरूच देत नाही.

त्यात एक बारीक गोम आहे. सरळ पूर्वेला चाललास आणि रस्त्याला लागलास, पण गाड्या दिसत नाहीत. आता डावीकडे जायचं की उजवीकडे? म्हणून मुद्दाम चुकायचं. पूर्वेऐवजी थोडं ईशान्येला धरायचं, म्हणजे रस्ता लागला की गाड्या उजव्या हातालाच असणार, याबद्दल शंका उरत नाही. नेम धरून बरोबर गाडीवर यायला जातो तो माणूस हमखास रस्त्यावर उभा राहून डोकं खाजवतो.

आता तुमच्या विहिरीबद्दल. आपल्याकडं याला चकवा लागला म्हणतात. माझी आजी सांगायची की माळावर चकवा असतो, तो माणसाला रात्रभर गोल फिरवतो. हसू नकोस, निरीक्षण शंभर टक्के खरं आहे. 2009 साली जर्मनीतल्या काही संशोधकांनी माणसांना अनोळखी जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगून त्यांचा माग काढला होता. सूर्य दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. ढग आल्यावर जंगलातली माणसं गोल फिरली आणि आपलीच वाट ओलांडून गेली, तीही आपण सरळ चाललोय अशा खात्रीनं. डोळे बांधलेल्यांनी तर कधीकधी 20 मीटर व्यासाची वर्तुळं काढली. म्हणजे चकवा असतोच, फक्त तो आपल्या आत असतो. नुसत्या अंदाजानं सरळ चालणं माणसाला जमत नाही.

मलाही लागला होता, आणि तो प्रसंग सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. सप्टेंबरचा शेवट, हस्ताचे दिवस. याच माळावर, रस्त्याच्या पश्चिमेला. आभाळ भरलेलं, सूर्य कुठाय काही कळेना. पण मी निर्धास्त होतो. पावसाळाभर आपल्याकडे वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो. तो पाठीवर घेतला की तोंड पूर्वेला, म्हणजे रस्त्याकडे. जून, जुलै, ऑगस्ट तीन महिने मी याच हिशेबानं हिंडलो होतो. चारच्या सुमाराला पूर्वेकडं काळंभोर आभाळ उठलं, गडगडलं, आणि गार वाऱ्याचा झोत आला. मी मान खाली घालून, टोपी धरून, वारा पाठीवर घेऊन झपाझप चालत सुटलो. चाळीस मिनिटं.

मग एका बांधाच्या कडेला, नांगरून ठेवलेल्या काळ्या रानात, बुटाचा ठसा दिसला. टाच आतल्या बाजूनं झिजलेली, अंगठ्याखाली सोलची एक खपली निघालेली. मी माझा उजवा बूट उचलून बघितला. तीच खपली. ठशात पाणी साचायला लागलं होतं, म्हणजे फार जुनाही नव्हता. त्या क्षणी पोटात जो खड्डा पडतो ना, तो तुला आता माहीत आहेच.

झालं असं होतं की पश्चिमेचा वारा पडला होता आणि वादळाचा झोत पूर्वेकडून आला होता. तो पाठीवर घेऊन मी रस्त्याला पाठ करून चाललो होतो. पुढे वारा फिरत गेला, तसा मीही फिरत गेलो. परतीच्या पावसात हे असंच होतं. तासाभरानं मेंढरं घेऊन चाललेला एक धनगर भेटला. माझं सगळं शास्त्र ऐकून घेतलं त्यानं आणि म्हणाला, “वारं काय दावणीला बांधलंय व्हय सर?” मग काठीनं बोट दाखवल्यासारखं करून, “त्यो लिंब दिसतोय न्हवं, त्याच्या मागं टावर. दोन्ही एकात एक धरून जावा. सुटू दिऊ नका.”

सरळ चालायची याहून चांगली पद्धत मला कुठंच सापडली नाही. एक खूण धरून चाललं तर माणूस बाजूला सरकत जातो आणि ते कळत नाही. दोन खुणा, एक जवळची आणि एक लांबची, एकामागे एक धरल्या की पाऊलभर सरकलात तरी त्या सुट्या दिसायला लागतात. लिंबापाशी पोचायच्या आधीच टॉवरच्या रेषेतलं पुढचं झाड हेरून ठेवायचं. खुणाच नसतील, गवत डोक्याएवढं असेल किंवा धुकं असेल, तर तुम्ही चौघं होतातच की! एकमेकांपासून वीसेक पावलांवर रांगेत चालायचं. शेवटच्याचं काम एवढंच की पुढचे एका ओळीत दिसतायत का बघायचं आणि “डावीकडं सरक” म्हणून ओरडायचं. जरा बावळटपणा वाटतो, पण काम होतं.

धनगराची दुसरी शिकवण मागं वळून बघायची. जाताना दर पाच-दहा मिनिटांनी, आणि प्रत्येक वळणावर, थांबून मागचा देखावा बघायचा. परतताना तोच समोर येणार असतो. जाताना डाव्या हाताला दिसलेली बाभळ परतताना उजवीकडे तर येतेच, शिवाय तिचा आकारही वेगळाच दिसतो. मोबाईल चालू असेल तर मागचा एक फोटो काढून ठेव. अक्षरशः फुकटचा नकाशा.

आता सूर्य. इथं मात्र मी जरा वेळ घेणार आहे, कारण इकडंतिकडं वाचलेलं बरंचसं ज्ञान थंड देशांतलं असतं आणि ते सोलापूरला जसंच्या तसं लागू पडत नाही.

सूर्य पूर्वेला उगवतो हे वर्षातून दोनदाच खरं, मार्च आणि सप्टेंबरच्या 21-22 तारखांच्या आसपास. 21 जूनला तो आपल्याकडे पूर्वेच्या 25 अंश उत्तरेकडे उगवतो, आणि 22 डिसेंबरला तेवढाच दक्षिणेकडे. 25 अंश ऐकायला थोडे वाटतात. पण उगवता सूर्य म्हणजे पूर्व असं धरून 2 किलोमीटर चाललास तर 800 मीटरहून जास्त बाजूला जाशील.

दुसरं, ‘दुपारची सावली उत्तरेकडे पडते’ हा नियम. सोलापूर साधारण 17.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे 10-11 मेच्या आसपास सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, तोच आपला शून्य सावलीचा दिवस. ऑगस्टच्या सुरुवातीला असाच दुसरा दिवस येतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात सूर्य दुपारी आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. फार नाही, जूनमध्ये मीटरभर काठीची जेमतेम 10 सेंटीमीटर. पण पाठ केलेला नियम त्या दिवसांत बरोबर उलटा पडतो. घड्याळाची युक्तीही उन्हाळ्यात सोडून दे. मेमध्ये सूर्य सकाळभर पूर्वेकडच्याच अंगाला वर चढत राहतो आणि डोक्यावरून पलीकडे टपकन पश्चिमेत जातो. त्या महिन्यात घड्याळ कशाला? साडेअकरापर्यंत सूर्याकडे तोंड केलं की पूर्व आणि दीडनंतर पश्चिम, एवढा ढोबळ हिशेब पुरतो. अर्थात मेच्या दुपारी माळावर चालायचंच नसतं. लिंबाखाली बसायचं, चारनंतर उठायचं.

दुपार म्हणजे तरी किती वाजता? आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशाच्या वेळेवर चालतं आणि सोलापूर 76 अंशांच्या जरा अलीकडे. म्हणून इथला खरा मध्यान्ह सरासरीनं 12 वाजून 26 मिनिटांनी होतो. फेब्रुवारीच्या मध्याला तो 12:40 पर्यंत लांबतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:10 लाच होतो. काठीची सावली सगळ्यात आखूड होते ती या वेळेला, बाराच्या ठोक्याला नव्हे.

काठीची रीत अशी. सपाट जागा, हातभर सरळ काटकी उभी रोवलेली. सावलीच्या टोकाला खडा ठेव. पंधरा-वीस मिनिटं बसून पाणी पी, शेंगा खा. मग नव्या टोकाला दुसरा खडा. पहिल्या खड्याकडून दुसऱ्याकडे जाणारी रेघ म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे. मध्यान्हाच्या आगेमागे हे झकास जमतं. सकाळी आठला किंवा संध्याकाळी पाचला केलंस तर, विशेषतः हिवाळ्यात आणि भर उन्हाळ्यात, चांगलाच तिरपेपणा येतो. बाभळीची काटकी असेल तर काटे काढून रोव. एकदा एका पोरानं वाकून सावली बघताना तळहात नेमका तिच्यावरच टेकवला होता.

तुमच्या ट्रेकपुरतं मात्र एवढं पाठ करून जा. जानेवारीत सकाळी दहाच्या सुमाराला सूर्य आग्नेयेला, साडेबारा-पाऊण वाजता दक्षिणेला आणि तीनच्या सुमाराला नैऋत्येला. काठी नको, काटा नको.

रात्रीचं सांगतो, पण रात्री चालू नका. तारे दिशा पक्की करायला आणि सकाळी कुठं निघायचं ते ठरवायला. ध्रुवतारा सगळ्यात तेजस्वी असतो हा गैरसमज आधी काढून टाक. तो दुसऱ्या प्रतीचा, साधासुधा तारा आहे. शिवाय इथं तो क्षितिजापासून जेमतेम 18 अंशांवर असतो, म्हणजे हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली तर दोन मुठींपेक्षाही जरा खाली. समोर झाड किंवा डोंगर असला की गायब. जानेवारीत रात्री आठला उत्तर-वायव्येला शर्मिष्ठा या तारकासमूहाचा इंग्रजी एमसारखा आकार दिसेल. नऊपर्यंत ईशान्येला सप्तर्षींतले क्रतू आणि पुलह वर येतात. पुलहाकडून क्रतूकडे रेघ काढून त्या अंतराच्या पाचपट पुढे गेलास की ध्रुव. दिसलाच नाही तर मृग नक्षत्राकडे बघ. हरणाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण जवळजवळ नेमका पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो. जानेवारीच्या मध्याला तो पहाटे चारच्या सुमाराला मावळतीला असतो. तेव्हा लघवीला उठशीलच, एकदा मान वळवून बघ. फेब्रुवारीच्या मध्याला रात्री नवाच्या सुमारास अगस्ती दक्षिणेला असतो, आणि समोर उत्तरेला ध्रुव, दोघंही जवळपास सारख्याच उंचीवर. माळावर उभं राहून हे बघण्यासारखं आहे, वाट चुकलेली नसली तरी.

चंद्रकोरीच्या दोन टोकांतून रेघ खाली ओढली की दक्षिण मिळते, असंही सांगतात. आपल्याकडे कोर बऱ्याचदा होडीसारखी आडवी पडलेली असते. ओढ रेघ आणि बघ ती कुठं जाते! त्यापेक्षा तिथी वापर. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताला पूर्वेकडे, शुद्ध अष्टमीचा सूर्यास्ताला दक्षिणेच्या बाजूला किंवा डोक्यावर.

झाडाच्या शेवाळावरून उत्तर, वारुळाच्या तोंडावरून दक्षिण, हे सगळं विसर. आपल्या माळावर शेवाळ शोधायला गेलास तर आधी तेच हरवेल.

त्याऐवजी माणसांनी ठेवलेल्या खुणा वाच, त्या जास्त खऱ्या बोलतात. लांबच्या वस्तीवर डिश अँटेना दिसली की तिचं तोंड आपल्याकडे ढोबळमानानं आग्नेयेला असतं, कारण टीव्हीचे ते उपग्रह आपल्या पूर्वेकडच्या रेखांशांवर, विषुववृत्ताच्या वर आहेत. शेतातल्या सौर पंपाच्या एका जागी पक्क्या बसवलेल्या पाट्या दक्षिणेला उतरत्या असतात. कब्रस्तानातल्या कबरी दक्षिणोत्तर. विजेचे खांब दिसले तर तारेमागे चालत राहा. एका टोकाला विहीर आणि मोटार, दुसऱ्या टोकाला डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, आणि डीपीपासून वस्ती किंवा पाणंद सहसा लांब नसते. फक्त कुत्र्यांसाठी हातात काठी असू दे, आणि लांबूनच “कोण हाय का?” म्हणून हाक मार. माळावरच्या ओढ्यात पाणी नसलं तरी बाभळीच्या बुंध्याला अडकलेला पालापाचोळा पूर कुठून कुठं गेला ते सांगतो. ओढे शेवटी सीनेला किंवा भीमेला मिळतात आणि त्या दोघीही इथं ढोबळमानानं आग्नेयेकडे वाहतात. रात्री आभाळात सोलापूरचा उजेड दिसतो, नान्नजहून तो दक्षिणेकडे.

खुणा बदलतात, हेही ध्यानात ठेव. होटगी रस्त्याकडून येताना आम्ही वर्षानुवर्षं सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी बघून शहराचा अंदाज घ्यायचो. जून 2023 मध्ये ती पाडली. त्यानंतर कितीतरी दिवस माझी नजर तिकडं जाऊन मोकळीच परत यायची.

सह्याद्रीत मात्र माळाची अक्कल तशीच वापरू नका. ‘पाण्याच्या उतारानं जा, गाव लागेल’ हे आपल्याकडे चालतं. तिथं तीच घळ तासाभरानं तुला धबधब्याच्या माथ्यावर, कोरड्या कड्यावर आणून सोडेल. खाली उतरता येत नाही, आणि ज्या टप्प्यावरून घसरत आलास तो वर चढता येत नाही. डोंगरात अडकलेल्यांच्या बऱ्याच कहाण्या अशाच घळीतून सुरू होतात. घळ सोडायची आणि सोंडेवर, धारेवर यायचं. तिथून निदान दिसतं तरी.

आणि ढोरवाटांपासून सांभाळून. त्या मळलेल्या वाटेसारख्याच दिसतात, पण फुटत फुटत जाऊन कारवीत विरतात. ओळखायची खूण म्हणजे ढोरवाटेवर पायाखालची जमीन साफ असते, पण कमरेच्या वर फांद्या तोंडावर येतात, कारण तिथून उभा माणूस गेलेलाच नसतो. माणसाच्या वाटेवर फांद्या कोयत्यानं छाटलेल्या असतात, छाटाचा तिरपा डोळा दिसतो. शिवाय गुटख्याची पुडी. मला तिचा मनापासून राग आहे, पण संध्याकाळी पाचला, दोन वाटा फुटल्या असताना, त्यातल्या एकीवर ती पुडी दिसली की जीव भांड्यात पडतो.

वाट चुकली असं वाटलं की त्याच पावलावर थांबून खाली बसा. दहा मिनिटं. शेवटची खात्रीची जागा कुठली, ती सोडून किती वेळ झाला, हे चौघांनी वेगवेगळं सांगायचं. जो सगळ्यात मोठ्यानं बोलतो त्याचंच खरं धरू नका. पंधरा-वीस मिनिटांच्या आतली चूक असेल तर आल्या पावली मागं जा. अंधाराला तास-दीड तासच उरला असेल तर चालणं बंद, उघड्यावरची सुरक्षित जागा बघा आणि तिथंच थांबा. घरी कुठं जातोय, कधी परतणार हे सांगितलेलं असेल तरच या थांबण्याला अर्थ आहे, तेव्हा ते सांगून जा. मोबाईलला आपल्या कंपनीची रेंज नसली तरी 112 लावून बघा, दुसऱ्या कंपनीचा टॉवर जवळ असेल तर तो फोन लागू शकतो. आणि मोबाईलमधल्या होकायंत्रावर भरवसा ठेवायच्या आधी कव्हर काढा. ज्या कव्हरला बंद होणारी चुंबकाची झडप असते ते उत्तर हवी तिकडे दाखवतं.

राहता राहिली तुमची विहीर. तू लिहिलंयस तशी एक विहीर मला माहीत आहे, कठडा एका बाजूनं ढासळलेला आणि आत उंबर उगवलेला. ती असेल तर रस्ता तिथून पूर्वेला, रमत गेलं तरी अर्ध्या तासावर. कठडा दक्षिणेकडून ढासळलाय असं मला आठवतंय. पुढच्या रविवारी जाल तेव्हा साडेबाराच्या आधी काठी रोवून बघ आणि बरोबर आहे का ते मला कळव.